गाडीच्या दारातली वाकळ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण वाचून झाल्यावर हे रचलेलं आहे, असं तेवढं म्हणू नका. ज्याच्या बाबतीत घडलं तो अंगद आमच्या नात्यातलाच आहे. भूत बघितलं म्हणणारे लोक छाती फुगवून सांगतात. हा सांगत होता तेव्हा त्याची मान एकदाही वर झाली नाही.

गाव घाटनांदूरच्या पुढं, रस्त्यापासून आत. वेळ दिवेलागणीची. पाडवा होऊन गेलेला, आणि गल्लीत अजून उजेड होता.

त्या संध्याकाळी अंगदच्या गाडीतून एक बाई बोलली.

गाडी बंद होती. चावी अंगदच्या खिशात होती.

आणि ती बाई मरून वर्ष व्हायला आलं होतं.

पण असं अर्ध्यातनं सांगून उपयोग नाही. सुरुवात स्पीकरपासूनच करायला पाहिजे.

अंगदचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. त्यानं जुनी चारचाकी घेतली. गाडी झकास, पण कंपनीचे स्पीकर म्हणजे नुसते कागदी द्रोण. गाणं लावलं की कुणी माठात तोंड घालून गुणगुणतंय असं वाटायचं. अंगदला गाण्याचा भारी नाद. घाटनांदूरला त्याच्या दोस्ताचं, बजरंगचं, इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बजरंग म्हणाला, "माझ्याकडं आन बे, बसवून देतो."

पण हा पठ्ठ्या पडला हौशी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याला वाटायला लागलं, आपण काय कमी आहोत?

"सोताच्या हातानं बसवतो. बघच तू."

हौसेला मोल नसतं म्हणतात. काही खरं नाही त्यात. असतं.

होळीच्या आसपासची एक दुपार. अंगदची बायको स्वप्नाली पोटुशी होती, सातवा सरलेला. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच करायचं ठरलेलं. त्या दिवशी अंगदची माय, विमलबाई, तिला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात गेली होती. दारात गाडी असून त्या दोघी एसटीनं गेल्या. का? तर साहेबांना गाडीची दारं खोलायची होती.

काम त्यानं नीट केलं, खोटं कशाला बोलू. हँडलच्या वाटीतला स्क्रू काढला, क्लिपा टकटक उपसल्या, दाराचं आतलं पॅनल हातात आलं. कंपनीचा स्पीकर काढला. नवा मोठा होता, भोकात बसेना. त्यासाठी सुताराकडून प्लायवूडची कडी कापून आणलेली होती, तिच्यावर बसवला. घड्याळातला सेल वायरींना टेकवून बघितला. स्पीकरचा पडदा बाहेर उचलला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. असे चारही बसवले आणि गाणं लावलं.

दारं थडथडायला लागली. आवाज दमदार, पण पत्रा नुसता खडखड वाजतोय.

व्हिडिओत सांगितलं होतं, पत्र्याला आतून जाड शीट चिकटवायची. ती लातूरहून मागवायला लागली असती. पण अंगदला दम कुठला!

तो घरात गेला. पोतं उचललं, ठेवून दिलं. मग आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली. वरच घडी होती.

मोठीमायची वाकळ.

मोठीमाय म्हणजे दगडाबाई, अंगदची थोरली चुलती. तिला मूलबाळ नव्हतं. अंगदचे आईबाप ऊसतोडीला गेले की ह्याला तिनंच सांभाळलं, न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं. अंगदचं लग्न झालं त्याच वर्षी तिनं स्वतःची वापरून मऊ झालेली लुगडी फाडली आणि लेकराच्या मापाची वाकळ शिवायला घेतली. शेजारची वत्सलाबाई रोज दुपारी यायची. एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. आमच्याकडं रीतच आहे, नव्या लेकराला पहिलं कापड नवं लावत नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं लावतात, त्याचं आयुष्य लेकराला मिळावं म्हणून.

वाकळ पुरी झाली आणि मागच्या उन्हाळ्यात मोठीमाय गेली.

अंगदला हे माहीत नव्हतं का? होतं. सगळं माहीत होतं, तिथंच तर गोम आहे. त्यानं मनाची समजूत घातली, चिंध्याच तर हायेत. लेकराला अंबाजोगाईहून चांगलं मऊ ब्लँकेट आणू.

कात्रीनं टाके तुटेनात. मग त्यानं ऊसतोडीचा जुना कोयता काढला, वाकळ लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि चार तुकडे केले.

एकेका दारात एकेक.

आवाज काय बसला म्हणता! संध्याकाळी अख्खी गल्ली गोळा झाली. वत्सलाबाई काठी टेकत आली आणि हसायला लागली. "आंगद, पोटात वाजतंय रं बाबा!" स्वप्नाली फाट्यापासून चालत आलेली, पाय सुजलेले, पण तीसुद्धा नवऱ्याकडं कौतुकानं बघत राहिली.

बजरंगनं दारावर थाप मारून बघितली. "आत काय भरलंस बे?"

"शीट."

"कोनची?"

"ती… काळी असती ती."

हे पहिलं खोटं. पुढं त्याला सवयच लागली.

थोडे दिवस बरे गेले.

मग एकदा भर दुपारी तो एकटाच अंबाजोगाईहून येत होता. फोन आला म्हणून आवाज कमी केला. फोन ठेवला. आणि मागच्या डाव्या दारातून…

सर्र…

थांबलं.

सर्र…

मग बारीक, टच्.

त्याला वाटलं वायर ढिली असेल. गाडी कडेला घेतली, दाराचं पॅनल सोडवलं, त्या स्पीकरची वायर उपसून हातात घेतली. म्हटलं, आता बोल.

सर्र… सर्र…

टच्.

वायर त्याच्या हातातच होती.

आवाज ओळखीचा होता. फार ओळखीचा. जाड कापडातून दोरा ओढला की सर्र होतं, आणि तो दातानं तोडला की टच्. लहानपणी तो ह्या आवाजात रोज झोपी जायचा. पण माणसाला जे ओळखायचं नसतं, ते तो ओळखत नाही. अंगदनं पॅनल दाबून बसवलं आणि गाडी दामटली.

त्यानंतर गाण्यातली बाई गेली.

म्हणजे कसं, दोघांचं गाणं असलं की बाप्याची ओळ खणखणीत वाजायची. बाईची ओळ आली की पेटी वाजतेय, ढोलकी वाजतेय… आणि बाई नाहीच. तेवढी जागा रिकामी. तेच गाणं मोबाईलवर लावलं की बाई व्यवस्थित गातेय.

बजरंग म्हणाला, "एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं आसंल. मधला आवाज खाऊन टाकतंय ते."

बजरंगनं टेपमागच्या वायरी तपासल्या, दारातल्या अंगदनं त्याला हात लावू न देता स्वतःच बघितल्या. एकूण एक बरोबर. बजरंगनं डोकं खाजवलं.

"मंग बाप्या कसा काय गातोय बे? गेले तर दोघं बी जायला पायजेत."

अंगद वायरी परत जोडत राहिला. त्याला त्या रिकाम्या जागेत कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला होता.

पाडवा झाला. विमलबाईनं बाळंतपणाची तयारी म्हणून पेटी उन्हात काढली. एकेक कपडा झटकला. तळापर्यंत गेली.

"वाकळ कुठंय?"

अंगद जेवत होता. घास तोंडातच राहिला.

"आंगद, जाऊबाईची वाकळ बघितली का रं?"

"मला काय ठावं?"

झालं. तेवढ्या तीन शब्दांत सगळं होऊन गेलं.

आता दुर्दैव असं, की मोठीमाय गेली तेव्हा वत्सलाबाईनं रडत रडत एक मागणं केलं होतं. "लेकरू हुईस्तोवर वाकळ माझ्यापाशी ठिवू दे गं, आक्काचा वास हाय तिला." विमलबाईनं तेव्हा नाही म्हटलेलं. आता तिला नेमकं तेच आठवलं. ती तरातरा दोन घरांमधल्या भिंतीपाशी गेली.

"वत्सलाबाई, वाकळीला पाय फुटले का वो?"

"कोनची वाकळ?"

"आता कोनची म्हनून इचारता? तुमच्याबिगर आमच्या घरात येतंय कोन?"

वत्सलाबाई बाहेर आली. गल्लीतल्या बाया आपापल्या ओट्यावर उभ्या राहून ऐकायला लागल्या.

"विमल, देवाशप्पथ मी न्हाई घेतली. मी कावून घिऊ? अर्धे टाके माझ्या हातचे हायेत तिच्यात."

"म्हनूनच तर. जीव गुतला आसंल तुमचा."

म्हातारीचं तोंड पांढरं पडलं. तिनं विमलबाईकडं बघितलंच नाही. तिनं अंगदकडं बघितलं. तो तिच्या मांडीवर वाढलेला.

"आंगद, तू तरी सांग रं बाबा. मी आसली हाय का?"

अंगदनं खिशातून मोबाईल काढला. त्यात बघत म्हणाला, "मला कावून मदी घेता, मावशी?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथं तर चोर फाशी बघत उभा होता, मूग गिळून. हे सांगताना अंगद आमच्यापुढं थांबला होता. तोंड पुसून घेतलं त्यानं. म्हणाला, "त्या मोबाईलमदी काहीच नव्हतं वो. नुसताच अंगठा फिरवत व्हतो."

त्या दिवसापासून वत्सलाबाई ओट्यावर आली की बाया बोलायच्या थांबायच्या. कुणाच्या घरी गेली की घरची बाई उगाच आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायची. ती जायची बंद झाली. अंगद रोज ठरवायचा, उद्या सांगू. सकाळी उठला की वाटायचं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणतील. म्हणून परत उद्या.

आणि मग ती संध्याकाळ.

विमलबाई घरात दिवा लावत होती. अंगद ओल्या फडक्यानं गाडी पुसत होता. गल्लीतली गिरणी नुकतीच बंद झाली होती, त्यामुळं एकदम सामसूम वाटत होतं.

मागच्या डाव्या दारातून…

सर्र…

अंगदचा हात थांबला.

सर्र… टच्.

आणि मग, आयुष्यभर भिंतीवरून मारायची तशीच, लांबवून मारलेली हाक…

"वच्छे… ये वच्छे… च्या टाकलाय गं…"

भिंतीपलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला.

"आले गं आक्का!"

सवयीनं बोलून गेली ती. अनवाणी, पदर सावरत, काठी न घेताच वत्सलाबाई धावत अंगणात आली. आली आणि तिला कळलं, की आक्का तर नाही.

ती उभी राहिली. गाडीकडं बघितलं.

मग तिनं हळूच मागचं दार उघडलं, आत बसली, दार ओढून घेतलं. आणि दाराच्या पॅनलला कान लावला.

अंगद ओलं फडकं धरून तसाच उभा राहिला. काचेतून त्याला दिसत होतं. म्हातारी कान देऊन ऐकत होती. मधेच मान हलवत होती. ओठ हलत होते… "हं… हं… बरं…"

अंगदला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

एकदा तिनं मान वळवून काचेतून त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. परत कान लावला.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"आंगद. आक्काचा आवाज आला रं."

आता! आता सांगायला काय झालं होतं? सगळी वाट मोकळी होती. अंगदनं तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं माहितीय?

"रेकॉर्डिंग व्हतं, मावशी. मोबाईलमदी जुनं."

"मंग लाव की परत."

"डिलीट झालं."

वत्सलाबाई त्याच्याकडं बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर बरं झालं असतं, असं अंगद म्हणतो. मग ती मान खाली घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गाडी शेतात नेली. चिंचेखाली लावली. पान्हे काढले.

पुढचं उजवं दार उघडलं. तुकडा नव्हता.

पुढचं डावं. रिकामं.

मागचं उजवं. तेही रिकामं. पॅनल तर त्यानंच बसवलेली. दुसऱ्या कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

मग मागचं डावं…

आत अख्खी वाकळ होती.

चारी तुकडे जोडलेले. जिथं जिथं कोयता बसला होता, तिथं तिथं लाल दोऱ्याचे बारीक, सरळ टाके. नवेकोरे. वाकळ ओढून बाहेर काढली तर ती गरम होती. नुकतंच कुणी लेकरू उचलून घेतलं असावं तशी, मधोमध गरम. सकाळची वेळ, गाडी सावलीत. अंगदनं ती छातीशी धरली आणि बांधावर बसून ढसाढसा रडला.

तुम्ही म्हणाल, आता तरी सरळ घरी जाऊन सांगितलं असेल.

नाही सांगितलं. घरात कुणी नाही बघून त्यानं वाकळ पेटीच्या तळाशी, विमलबाईच्या लग्नातल्या शालूखाली सारून ठेवली. त्याला वाटलं, सापडली की मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सापडली. पण मिटलं कसलं! विमलबाईनं वाकळ गल्लीत सगळ्यांपुढं धरली.

"बघा बायांनो! मी खालपस्तोर पेटी धुंडाळली व्हती का न्हाई? गुपचूप आनून ठिवलीय. आन हे बघा, फाडून परत शिवलीय. लाल दोरा कोन वापरतंय गल्लीत?"

लाल दोरा वत्सलाबाईच वापरायची. म्हातारीला दुसरा रंग दिसायचाच नाही नीट.

आधी नुसता संशय होता. अंगदनं तो पक्का करून दिला.

वत्सलाबाईची लेक, मंगल, पाटोद्याला दिलेली. ती आली आणि रडत, भांडत आईला घेऊन गेली. दोघी बोचकं घेऊन अंगदच्या गाडीजवळून फाट्याकडं चालत गेल्या. गाडीनं सोडतो म्हणायची हिंमत झाली नाही त्याची. वत्सलाबाईनं गाडीकडं बघितलं. त्याच्याकडं नाही.

अंगदनं लातूरहून खरी शीट आणून दारांत बसवली. गाण्यातली बाई परत आली. आवाज तर असा, की बजरंगनंही पाठ थोपटली. सर्र नाही, टच् नाही, हाक नाही. काहीसुद्धा नाही.

आणि अंगदला तेच सहन होईना. खाई त्याला खवखवे. त्याला वाटायचं, मोठीमायनं आपल्याशी बोलणंच टाकलंय. तो मुद्दाम गाडी बंद करून मागच्या सीटवर बसायचा, दाराला कान लावायचा. आत नुसता पत्रा.

वैशाखात मुलगी झाली. बारशाला घर भरलं. पाळणा सजवला, आत ती वाकळ घातली, वर लेकीला ठेवलं. बाया कौतुकानं वाकळीवरून हात फिरवत होत्या.

"बरं झालं बाई सापडली. म्हातारीनं गिळलीच व्हती."

"मेलेल्या मानसाची चीज बी सोडत न्हाईत लोक."

अंगद दारात उभा होता. ऐकत होता.

नाव ठेवायला आत्या, म्हणजे अंगदची बहीण करिष्मा, पाळण्यावर वाकली. पोरीच्या कानाशी तोंड नेलं. 'कुर्र' करायला बायांनी आत्याच्या पाठीवर हात उगारलेले…

करिष्मा ताठ उभी राहिली. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"दादा… हितं कुनीतरी आधीच बोलतंय."

"काय बोलतीस?" विमलबाई ओरडली.

"वाकळीत… 'वच्छे, वच्छे' म्हनतंय."

विमलबाई पुढं झाली. वाकली. कान लावला. आणि दोन्ही हातांनी पाळण्याची दोरी धरून तशीच मटकन खाली बसली. जावेचा आवाज ओळखायला तिला दुसऱ्यांदा कान लावायची गरज नव्हती.

कुणी हललं नाही. लेकरू रडतही नव्हतं. ते एका बाजूला टक लावून बघत होतं. तिथं कुणीच नव्हतं. पण त्याची नजर वर जात होती… खाली येत होती… परत वर… समोर बसून कुणी टाके घालत असावं तशी.

"माय," अंगद म्हणाला. "वाकळ म्या कापली व्हती. गाडीच्या दारात भरली. खडखड व्हती म्हनून. परत पेटीत बी म्याच ठिवली. वच्छामावशीनं काय बी केलेलं न्हाई."

विमलबाई उठली. भर बारशात, सगळ्या बायांदेखत, तिनं त्याच्या थोबाडीत मारली. स्वतः बाप झालेल्या लेकाच्या.

पण त्याला ती लागली नाही. लागलं ते स्वप्नालीचं. ती बाजेवर बसून हळूच एवढंच म्हणाली, "त्यांना चोर म्हनत व्हते तवा तुमी तिथंच व्हता ना वो?"

त्याला 'हो' म्हणावं लागलं.

त्याच दिवशी माय-लेक पाटोद्याला गेले. वत्सलाबाई लेकीच्या अंगणात जवारी निवडत बसली होती. विमलबाईनं तिचे पाय धरले आणि हंबरडा फोडला. अंगदही वाकला.

"मावशी, लई मोठी चूक झाली. वाकळ म्या…"

"ठावं हाय मला," वत्सलाबाई म्हणाली. सुपातले खडे वेचायचं तिनं थांबवलं नाही. "कोयत्यानं कापलीस. लाकडी ठोकळ्यावर ठिवून."

अंगदच्या अंगावर सरसरून काटा आला. कोयत्याचं तो कुणापाशी बोलला नव्हता. बारशातसुद्धा नाही. कापली तेव्हा घरात चिटपाखरू नव्हतं.

"कुनी सांगितलं, मावशी?"

"आक्कानं. गाडीत बसले व्हते ना त्या दिशी? समदं सांगितलं तिनं."

विमलबाईचं रडणं थांबलं.

"मंग तुमी बोलला कावून न्हाई वो?" अंगद म्हणाला. "गाव तुमाला चोर म्हनत व्हतं…"

"मी म्हनलं तिला, सांगते समद्यास्नी. तर आक्का म्हनली, नगं. लेकरू माझ्या हातचं हाय, ते सोता सांगंल. तू थांब." वत्सलाबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हनून थांबले. तिच्या शब्दाखातर. पर लई येळ लावलास रं बाबा."

अंगद तिथंच, तिच्या अंगणात, जमिनीला कपाळ लावून पडून राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो अजूनच लहान झाला.

निघताना त्यानं विचारलं, "मावशी, आनखी काय म्हनली मोठीमाय?"

वत्सलाबाईनं सूप परत उचललं.

"म्हनली एक. तुझ्या लेकीबद्दल."

"काय?"

"ते तुला सांगू नगं म्हनली."

वत्सलाबाई गावी परत आली. गल्लीनं तिची माफी मागितली. संस्कृतीला, म्हणजे त्या पोरीला, तीच न्हाऊ घालते, तीच झोपवते. मी मागच्या महिन्यात तिकडं गेलो होतो. पोरगी आता घरभर पळते. वत्सलाबाई तिला मांडीवर घेते आणि मधेच गप्प होऊन तिच्या तोंडाकडं बघत बसते. बघता बघता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येतं. का, ते कुणाला सांगत नाही.

अंगद ते रोज बघतो. दुकान सोडून दिवसातून चारदा घरी येतो, पोरगी दिसली की परत जातो. मी म्हटलं, अरे, एकदा विचारून टाक ना तिला, काय म्हणाली होती मोठीमाय ते.

तो भिंतीकडं बघत राहिला. मग मान खाली घातली.

"एक शब्द बोलायचा व्हता तवा मी बोललो न्हाई," तो म्हणाला. "आता तिला बोल म्हनून कुठल्या तोंडानं सांगू?"